आर्डमोरला लागलेली झोप

बाबा आयर्लंडला आले तेव्हा आईला जाऊन सहा-सात महिने झाले होते. डब्लिनच्या विमानतळावर ते दारातून बाहेर आले आणि क्षणभर मला ओळखूच आले नाहीत. अंगात भावाचा जाड कोट, खांद्यांवरून ओघळलेला. डोळ्यांखालचा भाग काळवंडून गेलेला. मी वाकून नमस्कार केला तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "थंडी हाय व इथं." मग वॉटरफोर्ड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. मी बोलत राहिले आणि ते मान हलवत राहिले.

भाऊ फोनवर म्हणाला होता, "बाबा झोपतच नाहीत गं. तू डॉक्टर आहेस, तूच बघ."

मी डॉक्टर आहे, आणि तीही भूल देणारी. वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या माणसाच्या उशाशी उभी असते. त्याला झोपवायचं, झोपेत सांभाळायचं आणि काम झालं की परत आणायचं, एवढंच माझं काम. इथली माणसं डोळे मिटण्याआधी माझा हात धरून काहीबाही बोलतात. कुणी हवामानाबद्दल बोलतं, कुणी आपल्या कुत्र्याबद्दल. आणि मग वाक्य अर्धंच राहतं.

घरी मात्र माझी विद्या चालेना. सकाळी उठून स्वयंपाकघरात यावं तर कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या. प्रेसमधले, म्हणजे भिंतीतल्या कपाटातले, सगळे डबे उतरवून, पुसून, उंचीप्रमाणे लावलेले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले असत, मफलर गुंडाळून.

"झोपला नाही का बाबा?"

"पडलो होतो थोडा."

ते पडलेले नसायचे. पलंगावरच्या चादरीची घडीसुद्धा मोडलेली नसायची.

कारण मला ठाऊक होतं. आईला दमा होता. मला आठवतं तेव्हापासून होताच. बाबा आमच्या तालुक्याच्या गावच्या सूतगिरणीत फिटर होते. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत काम करायचे आणि रात्री आईच्या पलंगाजवळ खाली सतरंजी टाकून झोपायचे. तिच्या श्वासाला एक शिट्टी होती. बारीक, ओढल्यासारखी. ती ऐकत ते झोपत, आणि त्या शिट्टीचा सूर जरा बदलला की उठून बसत. आम्ही भावंडं शेजारी घोरत असायचो, आम्हाला पत्ताही नसायचा. सकाळी आई म्हणायची, "काल यांनी मला दोनदा वाफ दिली." इतकी वर्षं त्यांचं झोपणं म्हणजे तिचा श्वास ऐकणं. आता ऐकायला काही उरलं नव्हतं, तर कान बंद होईनात.

मी एक हलकी गोळी आणून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि रुमालात बांधून ठेवली.

"घेत का नाही बाबा?"

"गोळी घेतली अन् ऐकू नाई आलं तर?" ते सहज म्हणून गेले.

 बाहेर शेजारीण गवत कापत होती. त्या यंत्राचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ऑपरेशन थिएटरमधली एक नर्स, वयानं माझ्या आईएवढी, मला म्हणाली, "वडिलांना आर्डमोरला, समुद्राकाठी, घेऊन जा. तिथे करण्यासारखं काहीही नाही. म्हणूनच जा."

रविवारी सुट्टी होती. निघालो.

डंगारवन मागे पडलं की रस्ता डोंगर चढू लागतो. मे महिना होता. दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर पिवळी काटेरी झुडपं इतकी फुललेली की गाडीतसुद्धा तो उजेड पिवळा वाटत होता. बाबा कुरणांतल्या गायींकडे बघत होते. "बसूनच राह्यतात व ह्या," ते म्हणाले. "काम नाई काई यायले." मग चढ संपला आणि एकदम खाली समुद्र दिसला. निळा नव्हता, राखाडीही नव्हता. घासून ठेवलेल्या पितळेवर वाफ धरावी तसा होता.

गाव म्हणजे एकच रस्ता, समुद्राकडे उतरत गेलेला. काही घरांवर गवताची जाड छपरं, काठावर कातरून नक्षी केलेली. खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. एका दाराशी मांजर आणि दुसऱ्या दाराशी रबरी बूट वाळत ठेवलेले. रविवार असूनही रस्त्यावर कुणी नव्हतं. गाव बहुतेक चर्चमध्ये होतं किंवा अजून जेवणाच्या टेबलावर. बाबा मध्येच थांबून एका छपराकडे बघत राहिले. "शाकारलं चांगलं हाय," एवढंच म्हणाले.

गावाच्या डोक्यावर टेकडीच्या उतारावर ती जुनी जागा आहे. एक उंच गोल मनोरा, त्याच्या पायाशी मोडक्या चर्चच्या भिंती आणि सभोवार थडगी. फार जुन्या काळी एका संतानं इथे मठ बांधला म्हणतात. मनोरा मागाहून उभा राहिला. तो खाली रुंद आणि वर निमुळता होत जातो, टोकाला दगडाची टोपी. बाबांनी मान वर केली.

"दीपमाळ हाय का व ही?"

"नाही बाबा, घंटा वाजवायचा मनोरा."

"मंग दार एवढं वर कायले?"

दार खरंच दोन माणसांच्या उंचीपेक्षाही वर होतं. मी सांगितलं की समुद्रातून लुटारू यायचे, तेव्हा मठातली माणसं शिडीनं वर चढायची आणि शिडी ओढून घ्यायची, असं लोक सांगतात. बाबांनी यावर विचार केला. मग मनोऱ्याच्या दगडावर तळहात टेकवून ते चालू लागले, आणि हात न उचलता पूर्ण फेरी मारून माझ्यापाशी आले. त्यांनी ती प्रदक्षिणा म्हणून घातली की दगड कसे बसवलेत ते बघायला, मी विचारलं नाही.

मोडक्या चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीवर कमानींच्या ओळींत छोट्या मूर्ती कोरल्या आहेत. एक झाड, झाडाच्या दोन बाजूंना एक पुरुष आणि एक बाई. एक तराजू. गुडघे टेकून बसलेलं कुणीतरी. चेहरे पावसानं धुऊन नेलेत. कोण रडतंय, कोण हसतंय, ते आता कळत नाही. फक्त कुणाच्या शेजारी कोण उभं आहे तेवढं कळतं. बाबा त्यांच्यासमोर खूप वेळ उभे होते.

"मी जरा बसतो," ते म्हणाले.

मी आतले जुने कोरीव दगड बघायला गेले. त्यांच्या कडेवर रेघांची लिपी आहे, काठीवर चाकूनं खुणा कराव्यात तशी. बाहेर आले तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, पाय गवतावर पसरलेले आणि डोकं एका बाजूला कललेलं.

मी धावत गेले. मग थांबले. छाती वर-खाली होत होती, संथ, खोल. तोंड थोडं उघडं. हाताची बोटं सैल पडलेली. रोज माणसं झोपताना बघते मी. औषधानं आलेली झोप वेगळी दिसते, आत ढकलल्यासारखी. ही तशी नव्हती. बाबा झोपले होते.

मी शेजारी गवतावर बसले. मला हलायचीसुद्धा भीती वाटत होती.

थोड्या वेळानं एक बाई झारी घेऊन चढ चढत आली. सत्तरीची असेल. उंच, हिरवा रेनकोट, पांढरे केस वाऱ्यानं उडालेले. आमच्यापासून दोन ओळी सोडून एका नव्या थडग्यापाशी ती वाकली, जुनी फुलं काढली, पाणी घातलं. मग तिचं लक्ष गेलं. मी घाईनं कुजबुजले, "माफ करा, माझे वडील आहेत. जरा डोळा लागलाय. उठवते."

"उठवतेस कशाला?" तिनंही आवाज खाली आणला. "ग्रँड आहे तो, अगदी ठीक. माझा नवराही इथे झोपलाय. दोघं एकमेकांना त्रास देणार नाहीत."

 ती हसली, झारी खाली ठेवून उतार उतरून गेली आणि गाडीतली चौकड्यांची गोधडी घेऊन परत आली. माझ्या बाबांच्या अंगावर तिनं ती पांघरली, गुडघ्यांखाली नीट खोचली. आईखेरीज दुसऱ्या कुणी त्यांना पांघरूण घातलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग ती माझ्या शेजारी दगडावर बसली. मी तिला सांगितलं. किती दिवसांत झोप नाही, आई गेली तेव्हापासूनचं सगळंच. नवख्या माणसाला इतकं कसं सांगितलं कोण जाणे. ती ऐकत होती आणि मधूनमधून "आह, गॉड" एवढंच म्हणत होती. इथे कुणी ऐकतं तेव्हा श्वास आत ओढत होकाराचं "या" म्हणतात, तसंही ती म्हणे.

तेवढ्यात पर्यटकांचा एक घोळका आला, मोठमोठ्यानं बोलत. ही बाई उठली, त्यांच्याकडे गेली आणि ओठांवर बोट ठेवून काहीतरी म्हणाली. सगळा घोळका पायांचा आवाज न करता मनोऱ्याभोवती फिरला. एका माणसानं जाताना टोपीसुद्धा काढली. बहुधा त्याला वाटलं असेल, काही प्रार्थना चालू आहे.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"खरं तेच. म्हटलं, माणूस झोपलाय."

दुपार कलली तसं समुद्रावरून धुकं चढू लागलं. आधी खाडी गेली, मग गावाची छपरं, मग थडग्यांच्या खालच्या ओळी. मनोऱ्याची टोपी गेली आणि नुसता बुंधा उरला. आम्ही तिघं एका पांढऱ्या खोलीत बसल्यासारखे झालो. दिसायचं बंद झालं तसं ऐकू जास्त येऊ लागलं. खाली कड्याशी लाट येत होती. आधी लांबून एक ओढ, बारीक, घशातून निघाल्यासारखी. मग थोडं थांबणं. मग सोडून देणं. पुन्हा ओढ. मी बाबांच्या छातीकडे बघत होते, आणि बघता बघता माझेही डोळे जड झाले. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

बाबांनी डोळे उघडले ते एकदम. "चहा झाला का?" ते म्हणाले, अगदी घरच्या आवाजात. मग धुकं दिसलं, दगड दिसले, गोधडी दिसली आणि समोरची बाई दिसली. ते चटकन पाय गोळा करून उठू लागले आणि शर्ट ओढून नीट करू लागले.

"काय व, बाईमाणसासमोर झोपलो मी! उठवलं काऊन नाई?"

"काय म्हणतोय तो?" तिनं विचारलं.

"म्हणतायत, चहा झाला का."

"मग त्याला सांग, होईल."

तिचं घर खाली, गावाच्या रस्त्यावरच होतं. निळं दार, आत अरुंद जिना. पूर्वी ती पाहुण्यांना खोल्या द्यायची. नवरा गेल्यावर बंद केलं. तिनं चहा केला आणि सोडा ब्रेडचे जाड तुकडे कापले. बाबा खिडकीशी बसले. खिडकीखाली वाळू आणि वाळूपलीकडे तोच आवाज. चहाचा दुसरा घोट घेता घेता त्यांची मान पुन्हा कलली. मी कप वेळेवर धरला.

ती माझ्याकडे बघत होती. "याला माझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "आठवडाभर. वरची खोली रिकामीच आहे."

"पण त्यांना इंग्रजी येत नाही. आणि ते मांसमच्छी खात नाहीत."

"बटाटे खातो ना? अंडी?"

"बटाटे खातात."

"मग झालं."

मला ते वेडेपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून माझी सलग ड्यूटी होती. बाबा एकटेच फ्लॅटमध्ये खिडकीशी बसणार, हेही दिसत होतं. ते जागे झाल्यावर मी सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "राहता का बाबा इथे?" मला वाटलं, नाही म्हणतील. परक्याच्या घरी ते कधी एक रात्र राहिले नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"राह्यतो," ते म्हणाले. "तुले काई हरकत नसन तर."

बुधवारी ड्यूटी संपल्यावर मी त्यांची पिशवी नेऊन दिली, चार कपडे आणि बेसनाचा डबा; बीपीच्या गोळ्या त्यांच्या खिशातच असत. तोवर फक्त फोन. रोज संध्याकाळी मी विचारायची आणि ते सांगायचे. आयुष्यात पहिल्यांदा बाबा फोनवर स्वतःहून बोलत होते. सकाळी उठून ते कड्याकडेच्या पायवाटेनं जात. वाटेत एक पडकं चर्च आहे आणि त्याच्याशी पाण्याचा झरा, लोक तिथे हात-तोंड धुतात. "पाणी गोड हाय," बाबा म्हणाले. पुढे कड्यावर लाल-पिवळी फुलं आणि खाली खडकावर एक गंजलेलं जहाज. पुढे काहीच नाही, नुसता वारा. परत येताना बंदराच्या भिंतीवर तीन म्हातारे बसलेले असत. ते म्हणायचे, "ग्रँड डे." बाबाही म्हणायचे, "ग्रँड डे." पाऊस असला तरी तेच.

"झोप येते का बाबा?"

"येते न. खिडकी उघडी ठेवतो."

बुधवारी बेसनाचा डबा हातात पडताच त्यांनी पिठलं केलं. घरात लसणाच्या फोडणीचा वास होता आणि ती बाई सोडा ब्रेडला पिठलं लावून खात होती, मीठ-मिरची कमी करून दिलेलं. "हा माणूस," ती म्हणाली, "मला माझ्याच स्वयंपाकघरातून हाकलतो." बाबांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. डोळ्यांखालचं काळं होतं अजून, पण फिकं झालेलं.

रविवारी मी त्यांना न्यायला गेले. लख्ख ऊन होतं. बाबा फिरायला गेले होते, अजून परतले नव्हते. ती बाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि तिच्या टॉवेलांशेजारी बाबांचे बनियन चिमट्यांनी लावलेले. मी तिचे आभार मानायला लागले तशी तिनं हात झटकला.

"मलाच बरं वाटलं. घरात कुणाची पावलं वाजली. रोज संध्याकाळी तो बोलतो, मी बोलते. एकमेकांचं एक अक्षर कळत नाही आणि तरी चालतं." मग चिमटा तोंडात धरून, दोरीवर चादर पसरता पसरता ती म्हणाली, "बायकोबद्दल फार बोलतो. ती कधी येणार आहे?"

 मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"फोटो दाखवतो मला फोनवर. सुंदर बाई आहे. मी विचारते, आत्ता कुठे आहे, काय करते? तर तो असं करतो," तिनं दोन्ही तळहात जोडून गालाखाली ठेवले आणि डोळे मिटले. "झोपलीय. बरोबरच आहे, तुमच्याकडे तोवर रात्र झालेली असते. मी म्हटलं, मग फोन करू नकोस, झोपू दे तिला."

"ती गेली," मी म्हणाले. "मागच्या वर्षी. तुम्हाला त्या दिवशी मी सांगितलं होतं, मनोऱ्यापाशी."

दोरीवरची चादर तशीच राहिली. "तू आईबद्दल सांगितलं होतंस," ती हळू म्हणाली. "तू म्हणालीस, ती गेली. मला वाटलं, परत भारतात. निघून गेली. तू रडली नाहीस ना, म्हणून." तिनं तोंडातला चिमटा काढला. "आणि मी त्याला रोज म्हणत होते, झोपू दे तिला. हसून म्हणत होते. आणि तो मान हलवायचा."

ती पायरीवर बसली. मीही बसले. चादरींमधून वारा जात होता आणि त्या फुगून पुन्हा खाली बसत होत्या. मी रडले नव्हते हे खरं होतं. आई गेली तेव्हा मी विमानात होते, पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं, आणि परत आले ती सरळ ड्यूटीवर. त्या पायरीवर, एका परक्या बाईचे टॉवेल आणि बाबांचे बनियन समोर असताना मी रडले. तिनं माझा खांदा धरला नाही. फक्त बसून राहिली, आणि ते मला फार बरं वाटलं.

बाबा आले तोवर आम्ही दोघी तोंड धुऊन टेबलाशी बसलो होतो. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच किटली लावली.

निघताना तिनं बाबांच्या हातात सोडा ब्रेड दिला, कागदात बांधलेला. बाबांनी हात जोडले. तिनंही जोडले, जरा वेडेवाकडे, बोटं अडकवून. मग ती एकदम पुढे झाली आणि तिनं त्यांना मिठी मारली. बाबा खांबासारखे ताठ उभे राहिले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. पण मागे सरले नाहीत.

गाडी चढाला लागल्यावर ते म्हणाले, "लय सोसलं व तिनं. नवरा समुद्रात बुडाला तिचा."

"नाही बाबा. हृदयाच्या विकारानं गेला तो, हॉस्पिटलात. तिनं मला सांगितलं. थडगं आहे ना तिथे मनोऱ्यापाशी?"

"म्हणजे मंग सापडला असन नंतर."

"बुडालाच नाही. त्याला पोहायला आवडायचं. रोज सकाळी, थंडीतसुद्धा."

बाबांनी वळून मागे समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी इचारलं का तो कुठं हाय, तं ती दर बारीले समुद्राकडं हात करे. मले वाटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. रस्ता डोंगरावर पोचला होता. "थांबव बरं जरा," ते म्हणाले.

मी कडेला गाडी लावली. आम्ही कुंपणाशी उभे राहिलो. खाली खाडी, वाळूची पट्टी, गावाचा तो एकच रस्ता आणि टेकडीवर मनोरा, काडीएवढा. इतक्या उंचावर लाटेचा आवाज येत नव्हता. बाबा तरी कान देऊन उभे होते.

"तुह्या आईले मी तिथं रोज सांगे," ते म्हणाले, "झोप म्हणून. तिच्या छातीतली शिट्टी अन् ह्या पाण्याचा आवाज, सारखाच व. पहिल्या दिवशी मले वाटलं, आलीच ती. मंग समजलं का नाई, पाणी हाय. पण समजल्यावरबी झोप लागली." त्यांनी खाली पाण्याकडे हात केला. "ह्याचं काई अडत नाई. पाणी हाय, चालूच राह्यते. रात्री उठून वाफ द्या लागत नाई त्याले."

ते हसले. मी हसले. मागून ट्रॅक्टर आला, चालवणाऱ्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आम्हाला सलाम केला, तसा इथे सगळ्यांनाच करतात. बाबांनीही एक बोट उचललं. एका आठवड्यात एवढं शिकले होते.

त्यानंतर सगळं एकदम सुधारलं असं झालं नाही. वॉटरफोर्डला ते काही रात्री झोपले, काही रात्री पुन्हा प्रेसमधले डबे उतरवले. जुलैत परत गेले. भाऊ म्हणतो, आता दुपारी ओसरीवर आडवे होतात, रस्त्यावरून गाड्या जात असतात, पोरं ओरडत असतात आणि हे गाढ झोपलेले. रात्रीचं कमीजास्त. आईची खोली त्यांनी स्वतः रिकामी केली, तिला वाफ द्यायचं नेब्युलायझरचं यंत्र दवाखान्यात देऊन आले, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मी आता अधूनमधून आर्डमोरला जाते. वरच्या खोलीचे पडदे त्या बाईनं बदललेत, पिवळे लावलेत. आम्ही चहा पितो, मग ती बागेत जाते आणि मी कड्याच्या वाटेनं चालत निघते. बंदराच्या भिंतीवर आता दोनच म्हातारे असतात. मागच्या वेळी त्यांतल्या एकानं मला थांबवून विचारलं, ते सद्गृहस्थ परत कधी येणार आहेत? मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात, तब्येत बरी असली तर. तो म्हणाला, त्यांना सांगा, आम्ही भिंतीवर जागा धरून ठेवू. मग त्यानं आपल्या शेजारची जागा तळहातानं झाडून दाखवली, आणि मीच थोडा वेळ तिथे बसले.